सापांचा सातबारा

१९८४ सालच्या पावसाळ्यात मी एक साप मारला. तेव्हा मी नववीत होतो. महाबळेश्वराच्या डोंगराखाली, जावळी तालुक्यात आमचा नाचणीचा एक तुकडा आहे. वडील कुदळीने बांधाकडची माती सारखी करत होते आणि तिच्यातून वीतभर लांब, बोटाएवढा जाड, काळपट जीव बाहेर पडला. पाण्यावर रॉकेलचा तवंग पसरावा तसे रंग त्याच्या अंगावर चमकत होते. तोंड टोकदार होते. शेपूट मात्र कोणी कोयत्याने तिरकी छाटावी तशी बोथट होती. "दुतोंड्या! चाटला तर कोड फुटतं," असे कोणीतरी ओरडले आणि मी हातातल्या खुरप्याने त्याचे दोन तुकडे केले. मला शाबासकी मिळाली.

पुढे चौदा वर्षांनी पुण्याच्या जुन्या बाजारात सापांवरचे एक फाटके पुस्तक घेतले, त्यात तेच बोथट शेपूट दिसले. नाव होते खापरखवल्या. शेपटीच्या टोकाला खापराच्या तुकड्यासारखी खडबडीत ढाल असते म्हणून हे नाव. हा साप बिनविषारी, मातीत राहणारा, गांडुळे खाणारा आणि अंडी न घालता पिले देणारा आहे. त्याखाली लिहिले होते की खापरखवल्यांचे संपूर्ण कुल फक्त दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळते. आफ्रिकेत नाही, अमेरिकेत नाही, चीनमध्ये नाही, हिमालयातही नाही. आमच्या बांधावर मी ज्याला मारले त्याचे भाऊबंद या एवढ्या पट्ट्याबाहेर पृथ्वीवर कुठेच नव्हते.

मी व्यवसायाने दस्तलेखक. तालुक्याच्या गावी कचेरीसमोर टेबल टाकून खरेदीखते, वाटणीपत्रे, वारसाचे अर्ज लिहिण्यात तीस वर्षे गेली. प्राणिशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. जे काही कळले ते जुनी पुस्तके, अभ्यासकांना पाठवलेली पत्रे आणि डोंगरातली पायपीट यांतून. पण जमिनीच्या कागदांनी एक सवय लावली. एखादा माणूस एखाद्या गटात उभा दिसला की मी विचारतो, हा इथे कसा आला? वारसाने, खरेदीने, की अतिक्रमण करून? सापांच्या जागतिक नकाशाला मी हाच प्रश्न विचारत आलो. नकाशाने उत्तरे दिली, आणि त्यातली काही उत्तरे माणसाच्या जिवाशी येऊन भिडली.

कुल म्हणजे आडनाव

आज जगात सापांच्या सुमारे ४,००० जाती ज्ञात आहेत. त्या कुलांमध्ये विभागल्या जातात. कुलांचा आकडा पंचवीस-तीसच्या आसपास फिरतो, कारण घर एकच मानायचे की चुली वेगळ्या धरायच्या यावर अभ्यासकांचे एकमत नसते. धामण, तस्कर, कवड्या, हरणटोळ हे कोल्युब्रिडी या सर्वांत मोठ्या कुलातले. दिवड आणि नानेटी यांना काही जण त्याच घरात ठेवतात, काही जण वेगळे कुल देतात. नाग, मण्यार, पोवळा आणि समुद्रसर्प हे इलॅपिडी कुलातले. घोणस, फुरसे आणि चापडा व्हायपरिडी कुलातले. अजगराचे कुल वेगळे, मांडुळाचे वेगळे, आणि गांडुळासारख्या दिसणाऱ्या वाळ्याचे आणखी वेगळे.

कुल ठरते ते पूर्वजावरून, दिसण्यावरून नव्हे. पूर्वी कवटीची हाडे, दात आणि खवल्यांची मांडणी पाहून नाते जुळवत. आता डीएनए तपासून ते पडताळतात. दिसण्यावर विसंबलेला माणूस फसतो याचे उदाहरण आपल्या भाषेतच आहे. डुरक्या घोणस या सापाच्या नावात घोणस असली, तरी तो मांडुळाचा नातलग आणि पूर्ण बिनविषारी. अंगावरच्या डागांमुळे त्याला घोणस समजून मारतात. याहून घातक प्रकार उलटा होतो. खऱ्या घोणशीला अजगराचे पिलू समजून लोक हातात धरतात.

वारसाने आलेले

गुजरातेत ढोली डुंगरी नावाचे गाव आहे. १९८०च्या दशकात, म्हणजे मी खुरपे चालवले त्याच सुमारास, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील नागपूरचे धनंजय मोहबे यांना तिथे डायनोसोरच्या घरट्याचा एक दगड झालेला तुकडा मिळाला. अंड्यांजवळची बारीक हाडे प्रथम डायनोसोरच्या पिलाची वाटली. २००१मध्ये अमेरिकन अभ्यासक जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला, तेव्हा त्यांना मणक्यांची ठेवण सापाची दिसली. २०१०मध्ये हा शोध जाहीर झाला. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून सुमारे साडेतीन मीटरचा साप, शेजारी नुकतेच जन्मलेले पिलू. सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा हा क्षण गाळाखाली तसाच राहिला. सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळाले.

सनाजेहच्या जवळच्या नात्यातले मॅडत्सोइडी हे कुल आज नामशेष आहे. त्याचे जीवाश्म प्रामुख्याने दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत आणि ऑस्ट्रेलिया इथे सापडतात. आज या भूखंडांच्या मधे महासागर आहेत. पण एके काळी हे सगळे एकाच गोंडवन महाखंडाचे भाग होते. ते नावही मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलेले. एका घराण्याची माणसे पाच दूरदूरच्या गावांत जमिनी बाळगून असतील, तर मूळ जमीन एकत्र होती आणि नंतर वाटणी झाली असे आम्ही कागद न पाहताही ओळखतो. इथेही तसेच झाले. भारताचा तुकडा सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला आणि उत्तरेकडे सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. सुटताना त्याच्या अंगावर साप होतेच. कच्छच्या पानांध्रो लिग्नाइट खाणीत सापडलेला आणि २०२४मध्ये जाहीर झालेला वासुकी इंडिकस याच मॅडत्सोइडी कुलातला. तो सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याच्या लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर आहे. एसटीची गाडी साधारण एवढीच असते.

खापरखवल्यांची गोष्ट आकाराने लहान, पण माझ्या जवळची. त्यांच्या साठाच्या आसपास जाती आहेत आणि बहुतेक सह्याद्रीत, तेही दक्षिणेकडच्या भागात. त्यांचे जवळचे नातलग श्रीलंकेत आणि आग्नेय आशियात सापडतात. खापरखवल्याचे डोके मातीत पाचरीसारखे घुसते, पण त्यासाठी माती ओली आणि भुसभुशीत लागते. दोन डोंगरांमधले कोरडे, तापणारे पठार तो ओलांडू शकत नाही. त्यामुळे एका डोंगराचा खापरखवल्या पलीकडच्या डोंगरावरच्या भाऊबंदाला लाखो वर्षे भेटत नाही आणि दोघे वेगवेगळ्या जाती होऊन बसतात.

एखाद्या कुलाची मिळकत किती लहान असू शकते, हे पाहायचे तर मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडकडे पाहावे. बोलिएरिडी कुलाचे साप तिथे टिकून राहिले. त्यांच्या वरच्या जबड्याचे हाड मधून सांध्याने दुभंगलेले असते; जमिनीवरच्या दुसऱ्या कोणत्याही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात असे आढळत नाही. माणसाने बेटावर शेळ्या आणि ससे सोडले, त्यांनी झाडोरा खाल्ला आणि माती वाहून गेली. कुलात दोनच जाती होत्या. त्यातली बिळात राहणारी एक १९७५नंतर कोणाला दिसली नाही. शेळ्या-ससे काढून टाकल्यावर दुसरी वाचली. म्हणजे आज जगात त्या कुलाचा एकच वारस आहे.

चालत आलेले आणि न पोहोचलेले

घोणशीच्या कुलाने मात्र पायाविना जग पालथे घातले. व्हायपरिडी आशिया, आफ्रिका, युरोप आणि दोन्ही अमेरिकांत आहेत. युरोपातला अॅडर तर स्कँडिनेव्हियात आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडेही राहतो. आपला हिरवा चापडा आणि अमेरिकेतला शेपूट वाजवणारा रॅटलस्नेक एकाच उपकुलातले आहेत. दोघांच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो, त्याने त्यांना अंधारातही सावजाच्या अंगची ऊब जाणवते. हे उपकुल आशियातले. सैबेरिया आणि अलास्का जमिनीने जोडलेले असताना त्यांच्यापैकी एक शाखा अमेरिकेत उतरली, आणि तिथले सगळे खळगेवाले साप तिचे वंशज आहेत.

याच कुलाचा एकही साप ऑस्ट्रेलियात किंवा मादागास्करमध्ये नाही. ऑस्ट्रेलियाने नागाच्या कुलाला मात्र जागा दिली. आशियाकडून तिथे पोहोचलेल्या इलॅपिडींच्या शंभरांहून अधिक जाती झाल्या. आपल्याकडे धामण, घोणस आणि मण्यार मिळून जी कामे करतात, ती तिथे बरीचशी नागाच्या भाऊबंदांनीच वाटून घेतली आहेत.

काही ठिकाणी सापांचा उतारा कोराच आहे. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचा एकही मूळचा साप नाही. आयर्लंडमध्येही नाही. तिथली कथा सांगते की संत पॅट्रिक यांनी सापांना समुद्रात हाकलले. खरे कारण हिमयुग. बर्फ वितळला, पण साप येण्याआधी समुद्राने वाट बंद केली.

समुद्रसर्पांची हद्द आणखी नवलाची आहे. नागाच्या कुलातली ही शाखा हिंदी महासागरात आणि पॅसिफिकमध्ये भरभराटली. आपल्या कोकणात रापणीच्या जाळ्यात ते नेहमी येतात. पण अटलांटिकमध्ये एकही समुद्रसर्प वसलेला नाही. पिवळ्या पोटाचा समुद्रसर्प पॅसिफिक ओलांडून मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, पण पनामाची पट्टी सुमारे ३० लाख वर्षांपूर्वीच जोडली जाऊन समोर उभी होती. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा तर नैऋत्य किनाऱ्यावरचा थंड बेंग्वेला प्रवाह आडवा येतो. एक बांध जमिनीचा, दुसरा गार पाण्याचा.

आणि अतिक्रमण? त्यात पहिला नंबर आपल्या वाळ्याचा. पावसात न्हाणीघरात निघणारा, गांडूळ समजून बाहेर फेकला जाणारा हा आंधळा साप मूळचा दक्षिण आशियाकडचा. झाडांच्या कुंड्यांतल्या मातीतून तो हवाईपर्यंत पोहोचला. या जातीत फक्त माद्या असतात आणि त्या नराविना अंडी घालतात. एका कुंडीत एक मादी गेली की वस्तीला तेवढे पुरते.

विषालाही घराणे असते

इथपर्यंतचे ज्ञान हौसेचे वाटेल. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण सापाच्या कुलाबरोबर त्याचे विषही वारशाने येते. नाग आणि मण्यार यांचे विष प्रामुख्याने नसांवर चालते. पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, शेवटी श्वास थांबतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर आणि मांसावर चालते. रक्त गोठत नाही, सूज चढते, मूत्रपिंडे निकामी होतात.

१८९०च्या दशकात फ्रेंच वैज्ञानिक आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषाविरुद्ध प्रतिविष तयार केले. हेच औषध सगळ्या सापांवर चालेल अशी त्यांना आशा होती. ऑस्ट्रेलियात चार्ल्स मार्टिन यांनी ते तिथल्या टायगर स्नेकच्या विषावर लावून पाहिले, ते निकामी ठरले. मुंबईत परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, जिचे पुढे हाफकिन संस्थेत रूपांतर झाले, जॉर्ज लॅम्ब यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवले की नागावरचे औषध घोणशीच्या विषाला आवरत नाही. ज्या विषापासून औषध बनवले, त्याच विषावर ते खात्रीने चालते.

म्हणून आपल्याकडचे प्रतिविष चार सापांच्या विषापासून एकत्र बनवतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला थोडे थोडे देतात आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी करतात. ही सोय मोठी आहे, डॉक्टरला साप ओळखत बसावे लागत नाही. पण तिलाही हद्द आहे. विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने दाखवले की एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशानुसार बदलते आणि औषधाचा गुण कमी पडू शकतो. दक्षिणेच्या घाटातला उंच नाकाचा चापडा तर या चारांत धरलेलाच नाही, त्याच्या विषावर हे औषध चालत नाही.

२०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतली चौथ्या हिश्श्याहून जास्त पंधरा वर्षांखालची मुले होती. प्रयोगशाळेत जगातला सर्वांत जहाल ठरलेला जमिनीवरचा साप ऑस्ट्रेलियात आहे, आणि तिथे वर्षाला दोन-तीन माणसे दगावतात. हा फरक विषाच्या ताकदीने पडलेला नाही. तो पायातल्या बुटाने, जमिनीवर टाकलेल्या अंथरुणाने आणि दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याने पडलेला आहे.

हे मला आकड्यांतून कळायच्या आधी माझ्या दारात कळले. सापांचा जाणकार म्हणून पंचक्रोशीत माझे नाव झाले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. एका पावसाळ्यात रात्री तीनच्या सुमारास दार वाजले. एक तरुण प्लास्टिकच्या पिशवीत मेलेला साप घेऊन उभा. "काका, तेवढं बघा, विषारी आहे का?" काळे अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे. मी बॅटरी धरून पाठीच्या मधल्या ओळीची मोठी षट्कोनी खवली पाहिली आणि मण्यार असल्याचे सांगितले. तेव्हा तो म्हणाला, "वडील रिक्षात आहेत." जमिनीवर झोपलेल्या त्या माणसाला दंशाचे दुखलेही नव्हते. मण्यार चावली की बहुधा तसेच होते. त्याच्या पापण्या निम्म्या मिटल्या होत्या. माझ्याकडे येण्यासाठी त्यांनी दवाखान्याचा फाटा सोडून उलट दिशेला चार किलोमीटर घातले होते. तो माणूस कृत्रिम श्वासावर काही दिवस काढून वाचला. मी खवली मोजत होतो ती मिनिटे मात्र मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलामागे पाटी लागली, ती आजही आहे: "आधी माणूस दवाखान्यात न्या. साप दाखवायला नंतर या." साप मारायची, आणायची गरज नाही. लांबून मोबाइलवर फोटो निघाला तर ठीक, नाही तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

फेरफार चालूच आहे

सापांचा हा उतारा अजून पुरा लिहून झालेला नाही. २०१६मध्ये खापरखवल्यांच्याच कुलातली एक नवी जाती जाहीर झाली. दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातल्या या सापाला मेलॅनोफिडियम खैरेई असे नाव मिळाले, ते पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ. २०२४मध्ये एकच समजला जाणारा नागराज चार जातींत वाटला गेला आणि सह्याद्रीतला नागराज स्वतंत्र ठरला. दोघेही त्याआधी इथेच होते. नोंद उशिरा झाली.

आमच्या डोंगराखाली आता फार्महाऊससाठी उतार कापतात. जेसीबीचा दात जिथे जातो तिथली वरची दोन हात माती, म्हणजे खापरखवल्याचे सगळे गाव, ट्रॉलीत भरून भरावाला जाते. जमीन घेणाऱ्याचा सातबारा मी स्वतः तपासून दिलेला असतो. इतर हक्कांच्या रकान्यात विहिरीचा हिस्सा असतो, वाटेचा हक्क असतो, सोसायटीचा बोजा असतो. मातीखालच्या या जुन्या रहिवाशासाठी त्यात जागा नाही, आणि मी ती तयार करू शकत नाही. मी एवढेच करतो की कागद हातात देताना पक्षकाराला या सापाची गोष्ट सांगतो. काही हसतात. दोघा-तिघांनी बांधाकडची माती हलवली नाही.

माझ्याकडे एक वही आहे. परिसरात दिसलेला प्रत्येक साप तिच्यात तारीख, जागा, कुल आणि जाती यांच्यासह नोंदवतो. पहिली ओळ १९८४च्या सापाची आहे. कुलाच्या रकान्यात 'खापरखवल्या' लिहिले आहे. जातीचा रकाना कोरा आहे. जाती ठरवायला शेपटीची ढाल आणि खवल्यांच्या ओळी तपासाव्या लागतात, आणि ते तुकडे त्याच दुपारी कोंबड्यांनी नेले.